शिक्षेनंतर सुरू होणारा खटला

मे २०२४ मध्ये अकोट येथील सत्र न्यायालयाने तेल्हारा तालुक्यातील मालपुरा येथील चौघांच्या हत्येबद्दल एकाच कुटुंबातील तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. शेतजमिनीच्या वादातून २०१५ मध्ये हे हत्याकांड घडले होते. मारले गेलेले आणि मारणारे परस्परांचे निकटचे नातलग होते. नऊ वर्षांनी लागलेला हा निकाल अकोट-तेल्हाऱ्यापासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत ज्यांनी वर्तमानपत्रात वाचला, त्यांतील बहुतेकांच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपले असणार. गुन्हा घडला, खटला चालला, शिक्षा झाली. आता उरली ती केवळ अंमलबजावणी, अशी सर्वसामान्य समजूत असते.

कायद्याच्या दृष्टीने वस्तुस्थिती याच्या उलट आहे. खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाचा निकाल हा शेवट नसून पहिल्या टप्प्याची समाप्ती असते. त्यानंतर सुरू होतो तो अपिलाचा टप्पा. तो अनेकदा मूळ खटल्याहून दीर्घ असतो, त्याची बातमी क्वचितच होते आणि त्यात आधीचा निकाल पूर्णपणे फिरू शकतो. महाराष्ट्रातील गेल्या काही वर्षांचे निकाल पाहिले, तर या टप्प्याकडे नागरिकांनी गांभीर्याने पाहण्याची वेळ आली आहे, असेच म्हणावे लागेल. आपल्याकडे अपिलाचा हक्क कागदावर उदार आहे. परंतु चूक झाली असल्यास ती शोधून काढणे ही कोणाचीच जबाबदारी नाही. त्यामुळे निरपराध माणूस सुटतो तो बऱ्याचदा व्यवस्थेमुळे नव्हे, तर योगायोगामुळे.

अकोल्याहून नागपूर

वऱ्हाडातील खुनाच्या खटल्यांची अपिले नागपूरला जातात. १९३६ मध्ये नागपूर येथे उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ बनले. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम या जिल्ह्यांतील सत्र न्यायालयांच्या निकालांची फेरतपासणी तेथे होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने आणि फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. खुनाचे जुने कलम ३०२ आता कलम १०३ झाले. कलमांचे क्रमांक बदलले, तरी अपिलाची चौकट बदललेली नाही. सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्या प्रत्येकाला उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क आहे. त्यासाठी कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही. जन्मठेपेच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ६० दिवसांची आहे. फाशीच्या शिक्षेबाबत ती ३० दिवसांची आहे. वकील करण्याची ऐपत नसलेला कैदी तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो. निकालाची प्रत त्याला विनामूल्य मिळाली पाहिजे. १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावले होते. निकालाची प्रत वेळेवर देणे आणि गरजू कैद्याला मोफत वकील पुरवणे हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग आहे, असे त्या निकालाने ठरवले.

फाशीच्या बाबतीत कायदा आणखी सावध आहे. आरोपीने अपील केले नाही, तरी सत्र न्यायालयाला संपूर्ण प्रकरण पुष्टीसाठी उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागते. किमान दोन न्यायमूर्तींनी पुष्टी दिल्याखेरीज फाशी अमलात येत नाही. या टप्प्यावर उच्च न्यायालय केवळ खालच्या निकालातील कायदेशीर त्रुटी पाहत नाही. प्रत्येक साक्षीदाराची जबानी, उलटतपासणी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल असा सारा पुरावा त्याने नव्याने तोलायचा असतो. उच्च न्यायालय शिक्षा कायम करू शकते, फाशीची जन्मठेप करू शकते, खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा ठरवू शकते, फेरखटल्याचा आदेश देऊ शकते किंवा आरोपीची निर्दोष मुक्तता करू शकते. म्हणजेच अकोटच्या न्यायालयात जे घडले, ते सारे नागपूरला पुन्हा एकदा तपासले जाणे कायद्याला अभिप्रेत आहे.

त्यापुढचा दरवाजा मात्र अरुंद आहे. खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या व्यक्तीला उच्च न्यायालयाने दोषी ठरवून फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांची शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क मिळतो. एरवी विशेष अनुमती मागावी लागते आणि ती देणे न देणे न्यायालयाच्या मर्जीवर असते. त्यानंतर पुनर्विलोकन याचिका, उपचारात्मक याचिका आणि अखेर राज्यपाल व राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, असा क्रम आहे.

इंग्लंडचा अनुभव

आपली फौजदारी न्यायव्यवस्था इंग्रजी कायद्याच्या वळणावर उभी राहिली. पण अपिलाच्या बाबतीत दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इंग्लंडमध्ये खुनाचा खटला आजही ज्यूरीपुढे चालतो. ज्यूरी दोषी किंवा निर्दोष एवढेच सांगते; कारणे देत नाही. आपल्याकडे ज्यूरी हळूहळू मोडीत निघाली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिचा शेवट केला. नानावटी खटल्यात १९५९ मध्ये मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले होते. सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे तो खुनाबद्दल दोषी ठरला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आज आपल्याकडील न्यायाधीशाला प्रत्येक निष्कर्षाची कारणे लेखी द्यावी लागतात. म्हणूनच वरिष्ठ न्यायालय ती एक एक करून तपासू शकते.

इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्यापर्यंत दोषी ठरलेल्या आरोपीला आजच्यासारखे अपीलच नव्हते. अॅडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थाला चुकीच्या ओळखीमुळे दोनदा शिक्षा झाल्याचे उघड झाले, तेव्हा लोकमत खवळले आणि फौजदारी अपील न्यायालय अस्तित्वात आले. आजही तेथे अपिलासाठी सामान्यतः न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते आणि त्यासाठी मुदत अवघी २८ दिवसांची आहे. अपील न्यायालय सारा पुरावा नव्याने तोलत नाही. दोषसिद्धी विश्वासार्ह राहिली आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारते. ती विश्वासार्ह नसेल, तर रद्द होते. आरोपी निर्दोष आहे हे सिद्ध करण्याची गरज नसते.

शिक्षेबाबतही फरक आहे. तेथे १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी स्थगित झाली आणि पुढे ती कायमची गेली. आता सज्ञान व्यक्तीला खुनासाठी जन्मठेप अनिवार्य आहे. त्यामुळे शिक्षेविरुद्धच्या अपिलात वाद होतो तो सुटकेचा विचार होण्यापूर्वी कैद्याने किमान किती वर्षे तुरुंगात काढावीत, याचा. कायद्याने त्यासाठी १५, २५, ३० वर्षे आणि अत्यंत क्रूर गुन्ह्यांसाठी संपूर्ण आयुष्य, असे आरंभबिंदू ठरवून दिले आहेत.

या तुलनेत भारतीय आरोपीचा पहिला दरवाजा अधिक रुंद दिसतो. इंग्लंडकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती शेवटच्या दरवाज्यापलीकडची. १९७५ मध्ये बर्मिंगहॅम येथील बॉम्बस्फोटांबद्दल जन्मठेप झालेल्या सहा जणांची दोषसिद्धी १९९१ मध्ये रद्द झाली. त्यानंतर नेमलेल्या शाही आयोगाच्या शिफारशीवरून १९९७ मध्ये फौजदारी प्रकरण पुनर्विलोकन आयोग कामाला लागला. सर्व अपिले संपलेल्या कैद्याच्या अर्जावरून हा स्वतंत्र आयोग स्वतः चौकशी करतो, पोलिसांकडील कागद मागवतो, नव्या वैज्ञानिक चाचण्या करवून घेतो आणि खरोखर शक्यता दिसल्यास प्रकरण पुन्हा अपील न्यायालयाकडे पाठवतो. डेरेक बेंटली या तरुणाला १९५३ मध्ये फाशी दिली गेली होती. या आयोगाने पाठवलेल्या प्रकरणात १९९८ मध्ये त्याची दोषसिद्धी रद्द झाली. पीटर सलिव्हन याला १९८७ मध्ये खुनाबद्दल शिक्षा झाली. मे २०२५ मध्ये डीएनए पुराव्यामुळे ती रद्द झाली, तेव्हा त्याने ३८ वर्षे तुरुंगात काढली होती. याच आयोगाने त्याचा आधीचा अर्ज फेटाळला होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आयोग असला म्हणजे चुका होत नाहीत असे नव्हे. पण चुकीचे उत्तर कोणाला मागायचे, हे तेथे ठरलेले आहे.

सहा जण, सोळा वर्षे

आपल्याकडे ते ठरलेले नाही. याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सापडते. जून २००३ मध्ये एका झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा बळी गेला आणि बलात्काराचे अमानुष कृत्यही घडले. भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. म्हणजे अपिलामुळे तिघांची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडली.

याच टप्प्यावर प्रकरण संपायला हवे होते. परंतु २०१४ मध्ये एका वेगळ्याच खटल्यात घटनापीठाने असा दंडक घातला की, फाशीच्या प्रकरणातील पुनर्विलोकन याचिका न्यायमूर्तींच्या दालनात नव्हे, तर खुल्या न्यायालयात, किमान तीन न्यायमूर्तींपुढे ऐकली जावी. त्या दंडकाचा लाभ या सहा जणांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा २००९ चा निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले.

नव्याने तपासताना न्यायालयाला काय आढळले? वाचलेल्या महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्तींना ओळखले होते. त्या चौघांविरुद्ध पुढे तपासच झाला नाही. हा कागद पहिल्यापासून अस्तित्वात होता. तीन न्यायालयांच्या वाटेत तो पडून होता. पण त्याचे महत्त्व कोणाच्या लक्षात आले नाही, किंवा कोणी ते लक्षात आणून दिले नाही. भटक्या जमातीचे म्हणून या सहा जणांना गोवले गेले, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि दोषी तपास अधिकाऱ्यांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले. सहा जणांची मिळून जवळजवळ शंभर वर्षे तुरुंगात गेली. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेसुद्धा शिक्षेनंतर अनेक वर्षांनी निष्पन्न झाले होते.

या निकालाने आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो तितकाच गंभीर आहे. हे सहा जण निर्दोष होते, तर त्या झोपडीत शिरलेले कोण होते? चुकीची दोषसिद्धी म्हणजे केवळ निरपराधाची शिक्षा नव्हे. खरा अपराधी मोकळा राहणे हा तिचा दुसरा अर्थ आहे. मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांना सोळा वर्षांनी मिळाले ते उत्तर नव्हे, तर कोरे पान.

शिक्षेची फेरतपासणी

दोषसिद्धी योग्य असूनही शिक्षा चुकीची असू शकते. १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशी ही दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांपुरतीच राखून ठेवली आहे. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा, तो सुधारण्यापलीकडे गेला आहे काय हे पाहावे, असे त्या निकालाने सांगितले. प्रत्यक्षात अनेक सत्र न्यायालयांत दोषी ठरवण्याच्या दिवशीच किंवा लगेच नंतर शिक्षेवर थोडा वेळ युक्तिवाद होतो आणि आरोपीचे बालपण, कुटुंब, मानसिक स्थिती, तुरुंगातील वर्तन यांविषयी काहीच पुढे येत नाही. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती खटल्याच्याच टप्प्यावर गोळा करण्याची कार्यपद्धती घालून दिली.

तिचा परिणाम विदर्भातील एका प्रकरणात दिसला. नागपूर येथे २००८ मध्ये चार वर्षांच्या बालिकेवर अत्याचार करून तिची हत्या झाली होती. आरोपीची फाशी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, २०१७ मध्ये पुनर्विलोकन याचिका फेटाळली आणि २०२३ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्जही नाकारला. तरीही २५ ऑगस्ट २०२५ रोजी वसंता संपत दुपारे विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला हात न लावता शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडला आणि २०२२ च्या कार्यपद्धतीनुसार नव्याने सुनावणी व्हावी, असे ठरवले. गुन्हा अत्यंत घृणास्पद होता यात शंका नाही. पण जीव घेण्याचा निर्णय घेताना कार्यपद्धती पाळली गेली पाहिजे, एवढेच न्यायालयाने सांगितले आहे.

कार्यपद्धती का महत्त्वाची, याचे उत्तर पुण्यातील एका प्रकरणाने दिले. १९९४ मध्ये कोथरूड परिसरात एकाच कुटुंबाशी संबंधित सात जणांची हत्या झाली. दोषींपैकी एकाची फाशी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. पुढे त्याच्या गावच्या राजस्थानातील शाळेची नोंद पुढे आली. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, तेव्हा गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने असल्याचे आढळले. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य करून त्याची सुटका केली. अल्पवयीन म्हणून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. त्याने काढली अठ्ठावीसहून अधिक. शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या तिन्ही पायऱ्यांवर कोणी पाहिली नाही.

जन्मठेपेबद्दलही जनमानसात मोठा गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे आजही सर्रास बोलले जाते. गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, सरकारने शिक्षेत सूट दिली नाही, तर जन्मठेप म्हणजे आयुष्यभराची कैद. चौदा वर्षे ही खुनासारख्या गुन्ह्यात सुटीचा विचार होण्यापूर्वीची किमान मर्यादा आहे. सुटकेची तारीख नव्हे. २००८ पासून सर्वोच्च न्यायालयाने फाशी आणि साधी जन्मठेप यांच्या मधली एक वाट काढली: वीस, पंचवीस किंवा तीस वर्षे कोणतीही सूट न देता कैद. २०१५ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. मात्र हा अधिकार उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांनाच आहे, सत्र न्यायालयाला नाही, असेही सांगितले. इंग्लंडमधील किमान मुदतीच्या कल्पनेशी ही वाट मिळतीजुळती आहे. फरक एवढाच की तेथे आरंभबिंदू कायद्यात लिहिले आहेत. आपल्याकडे ते खंडपीठागणिक बदलतात.

दहा वर्षे टांगती तलवार

चुकीइतकाच मोठा दोष विलंबाचा आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. फाशीच्या पुष्टीचे प्रकरण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहिले. २०२४ मध्ये विशेष खंडपीठ नेमल्यावर सुनावणी सलग झाली. नाशिक, येरवडा, अमरावती आणि नागपूर येथील तुरुंगांतून आरोपी दूरदृश्य प्रणालीद्वारे हजर राहिले. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सर्वांची दोषसिद्धी रद्द केली. फाशी झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात मरण पावला होता. राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले नाही. मात्र उच्च न्यायालयाचा निकाल अन्य प्रकरणांत नजीर म्हणून वापरता येणार नाही, असा आदेश दिला.

उच्च न्यायालयाचा निकाल बरोबर की चूक, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अखत्यारीतील आहे. परंतु सहा महिन्यांच्या सलग सुनावणीत जे होऊ शकले, त्यासाठी जवळजवळ दशक का लागले, या प्रश्नाला कोणताही निकाल उत्तर देत नाही. आरोपी दोषी असोत वा निर्दोष, त्या गाड्यांत आप्त गमावलेल्या कुटुंबांना एकोणीस वर्षांनंतरही अंतिम उत्तर न मिळणे हा अन्यायच आहे.

विलंबावरचा उतारा कायद्यात आहे. अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करून जामीन देता येतो. अपील वाजवी वेळेत ऐकता येत नसेल, तर माणसाला तुरुंगात ठेवणे अन्यायाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कश्मिरासिंग प्रकरणात १९७७ मध्येच म्हटले होते. दहा वर्षे शिक्षा भोगलेल्या आणि अपील नजीकच्या काळात ऐकले जाण्याची चिन्हे नसलेल्या जन्मठेपेच्या कैद्यांना, विशेष अडचण नसल्यास, जामीन द्यावा, अशी दिशा २०२२ मध्येही दिली गेली. परंतु त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो, वकील उभा राहावा लागतो, जामीनदार मिळावा लागतो. जठारपेठेतील सुस्थितीतले कुटुंब नागपूरला चांगला वकील गाठू शकेल, तारखेला अडीचशे किलोमीटरचा प्रवास करील. मेळघाटातील मजुराला किंवा गाव नसलेल्या भटक्या कुटुंबाला ते जमणार नाही. हक्क दोघांचा सारखाच. तो वापरता येणे मात्र ऐपतीवर अवलंबून.

मृतांच्या नातेवाइकांचे काय?

अपिलाची चर्चा आरोपीभोवतीच फिरते, ही तक्रार रास्त आहे. कायद्याने या बाजूचाही विचार केला आहे. शिक्षा अपुरी वाटल्यास ती वाढवण्यासाठी राज्य सरकार अपील करू शकते. २००९ च्या अखेरीपासून पीडितांना किंवा त्यांच्या वारसांना स्वतःचा अपिलाचा हक्क मिळाला. आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर ते स्वतः वरच्या न्यायालयात जाऊ शकतात. शिक्षा कमी झाली या एकमेव कारणासाठी मात्र त्यांना अपील करता येत नाही. तेथे सरकारवरच विसंबावे लागते. इंग्लंडमध्ये कोणताही नागरिक शिक्षा फारच सौम्य असल्याचे अॅटर्नी जनरलच्या निदर्शनास आणून देऊ शकतो. अॅटर्नी जनरलला २८ दिवसांत निर्णय घेऊन प्रकरण अपील न्यायालयाकडे न्यावे लागते. पीडितांच्या दृष्टीने अशी निश्चित मुदत मोलाची असते. आपल्या नातलगांचे प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, पुढील तारीख कोणती, सरकार अपील करणार की नाही, हे त्यांना अधिकृतपणे कळवणारी यंत्रणा असणे हे खरे तर अवघड काम नाही.

करायचे काय?

उपाय फार दूरचे नाहीत. पहिला, उच्च न्यायालयातील फाशीच्या पुष्टीची प्रकरणे आणि दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात असलेल्यांची अपिले यांसाठी स्वतंत्र खंडपीठे आणि निश्चित कालमर्यादा असावी. मुंबईच्या खटल्याने सलग सुनावणी शक्य असल्याचे दाखवून दिले आहे. दुसरा, पहिल्या अपिलासाठी मिळणारा मोफत वकील नाममात्र असू नये. त्याला आरोपीला तुरुंगात भेटण्यासाठी, मूळ कागद पाहण्यासाठी आणि शाळेच्या नोंदीपासून वैद्यकीय इतिहासापर्यंत माहिती गोळा करण्यासाठी वेळ, मानधन व सहायक मिळाले पाहिजेत. तिसरा, भरपाई न्यायालयाच्या औदार्यावर सोडू नये. चुकीच्या खटल्यांमुळे तुरुंगात गेलेल्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात २०१८ मध्येच केली होती.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे सर्व अपिले संपल्यानंतरही संशयास्पद दोषसिद्धीची चौकशी करू शकणारी स्वतंत्र संस्था. त्यामुळे खटले कधी संपणारच नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. निकालाला अंतिमता हवी, हे खरे. परंतु आज अंतिमता आहे कोठे? फाशीची प्रकरणे पुनर्विलोकन, उपचारात्मक याचिका, दयेचा अर्ज आणि पुन्हा रिट याचिका अशी फिरतच राहतात; जन्मठेपेच्या कैद्यांकडे मात्र कोणी पाहत नाही. नव्या पुराव्याची एकदाच, नीट आणि तज्ज्ञांकडून छाननी करणारी यंत्रणा निरर्थक याचिका कमी करील आणि खऱ्या चुका लवकर वर आणील.

सत्र न्यायाधीशांवर याचा दोष ढकलणे सोपे, पण अन्याय्य ठरेल. त्यांच्यापुढे पोलीस जो पुरावा आणतात आणि बचाव पक्ष जे प्रश्न विचारतो, त्यावरच त्यांना निर्णय द्यावा लागतो. मानवी व्यवस्थेत चूक होणारच. म्हणूनच तर अपिलाची सोय केली गेली. २००३ मधील छायाचित्रांची ओळख आणि राजस्थानातील शाळेची नोंद हे दोन्ही कागद पहिल्या दिवसापासून हाताच्या अंतरावर होते. ते शोधून न्यायालयापुढे ठेवणे हे जोवर कोणाचे तरी नेमून दिलेले काम होत नाही, तोवर अकोट असो वा नाशिक, खुनाच्या खटल्यातील निकाल वाचताना समाजाला पूर्ण खात्री बाळगता येणार नाही. ही खात्री मालपुऱ्यासारख्या गावातील शोकाकुल घरांना जितकी हवी आहे, तितकीच ती तुरुंगात अपिलाची वाट पाहणाऱ्यालाही हवी आहे.